शिकारीच्या चिठ्ठीवरची सही

मी, शरफुन्निसा, मरहूम इस्मत खतीब यांची पत्नी आणि मरहूम दाऊद परकार यांची मुलगी, वय वर्षे बासष्ट, मूळ राहणार मौजे कुडेवाडी, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम रियाध, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, गुडघे गेले आहेत, पण मेंदूबद्दल डॉक्टरांनी काही तक्रार केलेली नाही; दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी दम दिलेला नाही. गोड बोलून लिहून घेण्याचा प्रयत्न एकाने केला, त्याचं नाव पुढे येईलच.

माझी मालमत्ता फार नाही आणि तिची वाटणी दोन पानांत उरकली असती. तरीही हे लांबलं आहे, कारण म्हसळा तालुक्यातल्या शाहिद घारे नावाच्या माणसाला त्याच्या गावात पाच वर्षं चोर म्हणतात, आणि तो चोर नाही हे ज्या दोघांना पहिल्यापासून माहीत आहे त्यांतली एक मी आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची निदा परकार हिने करावी. ती रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते. मसुदा फोनवर ऐकून ती म्हणाली, "फुफी, मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत."

मी विचारलं, "मग कुठे लिहितात?"

ती म्हणाली, "कोर्टात वाचून दाखवायची वेळ आली तर मला लाज वाटेल."

"वाटू दे," मी म्हटलं. "घरात कोणाला तरी वाटायला हवी."

कलम २. मला मूलबाळ नाही. पती २००६ साली वारले, भाऊ २०१२ साली. शरियतप्रमाणे माझा वारस म्हणजे भावाचा मुलगा, यासीन परकार. त्याची सख्खी बहीण निदा हिला वारस म्हणून काही मिळत नाही. का, ते मी तीन मौलवींना विचारलं, तिघांनीही मला समजावून सांगितलं आणि मला तिघांचंही पटलं नाही. असो. माणूस स्वतःच्या मर्जीने फक्त एक तृतीयांश मालमत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. मी मालमत्तेचं मूल्यांकन करून घेतलं आहे, दाखला जोडला आहे. खाली मी जे यासीनला सोडून इतरांना देत आहे ते या तृतीयांशात बसतं. त्याने कॅल्क्युलेटर काढण्याची तसदी घेऊ नये.

कलम ३. मुंब्र्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक यासीनला जाईल. ती माझी भेट समजू नये.

कलम ४. सोन्याच्या सहा बांगड्या निदाच्या हातात मी गेल्या वर्षीच घातल्या. तो विषय संपलेला आहे. शिलाई मशीन यासीनची बायको अफशाँ हिला देणार होते, पण तिने माझ्यासमोर तिला जुनाट म्हटलं, म्हणून ती कुडेवाडीच्या मदरशाला द्यावी. नन्सच्या शाळेत मिळालेलं सुलेखनाचं पदक कुठे तरी ट्रंकेत आहे. सापडलं तर ठेवा, नाही तर राहू द्या. माझ्या निरोपसमारंभात मला सहा कपांचा थर्मास मिळाला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीला सहा कप. तो शेजारच्या सरोजला द्यायचा होता. पण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं निदा म्हणते, म्हणून काल संध्याकाळी मी तो भिंतीवरून तिच्या हातात दिला.

कलम ५. आता नोकरीविषयी, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

माझे पती रियाधच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात व्यवस्थापक होते. मी १९९१ पासून त्याच मालकांच्या घरच्या कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार पाहू लागले. मालकांचं रियाधपासून नव्वद किलोमीटरवर कुंपण घातलेलं रान आहे. त्यात ते हरणं पाळतात. इथल्या फिकट, बारीक अंगाच्या वाळवंटी हरणाला रीम म्हणतात. कुंपणाबाहेर ते मारणं गुन्हा आहे. कुंपणाच्या आत, स्वतः पैदास केलेली जनावरं सरकारी कागद घेऊन ठराविक संख्येत मारता येतात, असं मालकांच्या वकिलाने आम्हाला लिहून दिलं होतं. मालकांचे पाहुणे हौसेने येत. सुरुवातीला कोण कधी येतो, किती मारतो, काही धरबंध नव्हता. एकदा एका पाहुण्याने चालत्या जीपमधून पाण्याच्या टाकीला भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "शरीफा, तू नन्सकडे शिकली आहेस. नियम लिही."

मी लिहिले. इंग्रजीत टंकले, मालकांच्या मुलाने अरबीत केले, फाटकावर दोन्ही लावले. हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पिल्लांच्या महिन्यांत रान बंद. बंदूक परवान्याची, आणि फाटकापासून मचाणापर्यंत रिकामी. गाडीतून गोळी नाही. माणसागणिक दोन जनावरं, तीही नर. ज्याच्या शिंगाचा बाक वितीपेक्षा कमी, तो पोर समजावा आणि सोडावा. मादी कधीच नाही. अल्लाचं नाव घेऊन चाप ओढायचा, आणि जनावर जिवंत असेतो सुरीवाला पोहोचेल इतक्या अंतरावरूनच. हलाल झालं नाही ते मांस रानातून बाहेर जाणार नाही. जखमी जनावर टाकून चहाला यायचं नाही, पायी मागावर जायचं. ते शेजारच्या जमिनीत पडलं तर बंदूक कुंपणाशी ठेवायची आणि त्या मालकाला जाऊन विचारायचं.

आणि सगळ्यात वर: माझ्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. नाव, तारीख, जनावरांची संख्या. मालकांचा सख्खा मेहुणा एकदा चिठ्ठीशिवाय आला, तेव्हा फाटकावरच्या शाहिदने त्याला उन्हात पाऊण तास उभं केलं. मेहुण्याने मला फोनवर काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मालक हसले.

मला शिकारीचा तिटकारा नाही. नियमाने मारलेलं मी खाल्लं आहे आणि ते मसाल्याशिवायही चांगलं लागतं. हे अशासाठी लिहिते, की मला कोणी कनवाळू म्हातारी ठरवू नये.

सौदीकरणाबद्दलही माझी तक्रार नाही. देश त्यांचा, नोकऱ्या त्यांच्या. माझ्या जागेसाठी माझ्याकडे तीन मुली शिकायला आल्या. पहिली चार दिवस टिकली. दुसरीने मला विचारलं की हरणं फोनवर बुक करता येणार नाहीत का. तिसरी हेसा. ती चांगली निघाली, प्रश्न विचारते आणि उत्तर लिहून घेते. नियमांची फाइल तिच्याकडे सोपवली आहे.

कलम ६. इथे एक रीत आहे. मालक प्रवासाला निघाला की कोऱ्या लेटरहेडांवर सही-शिक्का मारून ठेवतो, म्हणजे मागे कोणाचं काम अडत नाही. कोणाला इकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी पत्र लागतं, कोणाला बँकेसाठी. वर मजकूर भरला की झालं. या रीतीला मी वीस वर्षं हसले. आमच्या शाळेत कागदावर अर्धी ओळ मोकळी राहिली तरी सिस्टर तिच्यावर आडवी रेघ मारायला लावत.

मार्च २०१३ मध्ये भावाच्या मागे सातबाऱ्यावर नावं लावायला मला गावी जावं लागलं. हंगाम बंद होता, चिठ्ठ्या लागणार नव्हत्या. पण मालकांचे कोणी खास पाहुणे नुसतं रान बघायला आले तर, म्हणून मी पुस्तकातल्या दहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या. पुस्तक यासीनकडे दिलं. त्याला मीच व्हिसा काढून आणलं होतं आणि माझ्याच हाताखाली ठेवलं होतं.

गुरुवार, २१ मार्चला धाहरानहून त्याच्या ओळखीचे दोघे बंदुका घेऊन फाटकावर आले. यासीनला तिकडच्या एका कंपनीत शिरायचं होतं आणि हे दोघे त्याचं नाव पुढे करणार होते. शाहिदने सांगितलं, रान बंद आहे. त्यांनी चिठ्ठी दाखवली: दोन पाहुणे, तीन जनावरं. खाली माझी सही. तरी त्याने कार्यालयात फोन लावला.

यासीन म्हणाला, "सही कोणाची आहे?"

"आपांची."

"मग तू कोण विचारणारा? उघड."

त्याने उघडलं. माझी सही असेल तर उघडायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. तीन जनावरं पडली. त्यांतल्या दोन माद्या, दोन्ही गाभण. संध्याकाळी यासीन रानात गेला आणि फाइलला लावतो म्हणून शाहिदकडून चिठ्ठी घेऊन आला.

शनिवारी मालक आले. शाहिदने सांगितलं, चिठ्ठी होती. मालकांनी यासीनकडे पाहिलं. यासीन म्हणाला, "कसली चिठ्ठी? फुफी तर हिंदुस्थानात आहेत." मग तोच म्हणाला की शाहिदने बक्षिसी घेऊन फाटक उघडलं असेल. त्या वर्षी सगळ्या रियाधमध्ये कागद तपासले जात होते, आणि शाहिदचा इकामा दुसऱ्याच कफीलच्या, म्हणजे हमीदार मालकाच्या नावावर होता. आमच्याकडे असे निम्मे होते. मालकांना पोलिसात तक्रार करावी लागली नाही. एक फोन पुरला.

मी २ एप्रिलला परत आले. पुस्तक उघडलं. यासीन कॉम्प्युटरवर वाढलेला, त्याला कार्बन पेपर ठाऊक नव्हता. त्याने वरची चिठ्ठी फाडून नेली होती, खालची स्थळप्रत पुस्तकातच होती. क्रमांक ४१७. मजकूर त्याच्या अक्षरात, सही माझी.

मी त्याला समोर बसवलं आणि ती दाखवली. तो रडला. "फुफी, माझा इकामा जाईल. अफशाँ पोटुशी आहे."

मी म्हटलं, "त्या दोघीही होत्या."

एवढं एक टोचून बोलले आणि मग मी गप्प बसले. पुस्तक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं. शाहिदचं विमान १३ एप्रिलला होतं. तोवर तो परत पाठवायच्या लोकांच्या कोठडीत होता, माझ्या घरापासून टॅक्सीने चाळीस मिनिटांवर. अकरा दिवस होते. मी भाच्याला वाचवलं असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. चिठ्ठ्यांचा नियम माझा होता आणि कोऱ्या चिठ्ठीवरची सहीही माझीच होती. हे मालकांना कळलं असतं तर त्यांच्या लेखी मी इतर कारकुनांसारखी एक कारकून झाले असते. मला ते नको होतं.

शाहिद आला तसा गेला. बोटांचे ठसे घेतल्यामुळे त्याला परत येता आलं नाही. त्याच्या गावात बातमी त्याच्याआधी पोहोचली होती. जमातीच्या बैठकीत त्याला मशिदीच्या चाव्या सांभाळायच्या कामावरून काढलं. ते काम त्याच्या बापाचं होतं.

यासीनला धाहरानची नोकरी मिळाली.

कलम ७. कुडेवाडीची माझ्या हिश्श्याची डोंगराची जमीन, सहा एकर बारा गुंठे, काजूची एकवीस झाडं आणि खालचा पऱ्या, म्हणजे ओढा, यांसह, मी शाहिद घारे यांना देत आहे.

कारण आणखी एक आहे. या रमजान ईदला यासीन इथे आला होता. मी कायमची गावी निघाले हे त्याला कळलं होतं. खजूर घेऊन आला, पाय चेपून दिले. मग म्हणाला, "फुफी, डोंगर माझ्या नावावर करा. पऱ्यावर भेकरं उतरतात. दोन खोल्या बांधतो, मचाण बांधतो. धाहरानची मित्रमंडळी सुट्टीत येतील. तुमच्यासारखे नियम लावू, सगळं सिस्टिमने."

मी म्हटलं, "हिंदुस्थानात भेकर मारणं गुन्हा आहे. स्वतःच्या जमिनीतसुद्धा."

"आपली प्रायव्हेट जमीन आहे. कोण बघतंय?"

"चिठ्ठीवर सही कोणाची घेणार?"

तो उठून हात धुवायला गेला.

यासीनला माहीत असावं, म्हणून लिहिते: त्या डोंगरावर कोणत्याही महिन्यात, कोणत्याही शिंगाला, कोणाच्याही सहीने परवानगी नाही. तिथे नियम एकच आहे आणि तो मी केलेला नाही. जमीन शाहिदच्या हातात गेली की तो पाळला जाईल अशी माझी खात्री आहे, कारण पंधरा वर्षांत चिठ्ठीशिवाय फाटक न उघडणारा तो एकच माणूस मी पाहिला.

कलम ८. वरचं कलम लिहिल्यावर गेल्या रविवारी मी शाहिदला फोन केला. नंबर निदाने शोधून दिला. पाच वर्षांत मी केलेला हा पहिला फोन. त्याने आवाज ओळखला.

"बोला, आपा."

मी जमिनीचं सांगितलं. मागे कोणी तरी मासळीवाल्याशी भाव करत होतं.

"मला जमीन नको," तो म्हणाला. "जमीन घेतली तर गाव म्हणेल, बघा, चोरीत हिच्याबरोबर हिस्सा होता, तो आता मिळाला."

"मग काय देऊ?"

"कागदावर लिहा. शाहिदने चिठ्ठी बघून फाटक उघडलं. तेवढंच."

"लिहिलंय. मृत्युपत्रातच लिहिलंय. मी गेल्यावर तुझ्या जमातीत वाचून दाखवतील."

तो हसला. तसा तो रानातही हसायचा, पाहुण्याचा नेम चुकला की. "आपा, तुमच्या आई किती वर्षांच्या होऊन गेल्या?"

"ब्याण्णव."

"मग माझी पाळी कधी यायची?"

मी फोन ठेवला आणि नवा कागद घेतला.

म्हणून कलम ७ कायम राहील; त्याने जमीन नाकारली तर ती त्याच्या मुलीला द्यावी, तिनेही नाकारली तर निदाला. पण कलम ९ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. निदा म्हणते, असं कलम मृत्युपत्रात बसत नाही. तिने ते तिथे बसवावं, त्यासाठीच ती शिकली आहे.

कलम ९. हे कलम आज सही झाल्यापासून लागू आहे.

मी लिहून देते, की २१ मार्च २०१३ रोजी शाहिद घारे यांनी रानाचं फाटक माझ्या सहीची चिठ्ठी पाहून, आणि कार्यालयात फोनवर विचारून उघडलं. त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. ती चिठ्ठी मी कोरी सही करून ठेवली होती आणि ती यासीन परकार यांनी भरली. २ एप्रिल २०१३ रोजी हे मला पुराव्यासह कळलं आणि मी ते लपवलं.

या कलमाच्या चार प्रती केल्या आहेत. एक, मूळ स्थळप्रत ४१७ सह, शाहिद यांना कुरियरने आज जात आहे. एक त्यांच्या जमातीच्या अध्यक्षांना. येत्या महिन्यात, जुम्म्याच्या नमाजानंतर, मी स्वतः तिथे जाऊन ती वाचणार आहे. बायकांना आत घेत नसतील तर अंगणात वाचीन, माझा आवाज पोहोचतो. तिसरी यासीनला फोनवर पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.

चौथी मालकांना. तिचा अरबी तरजुमा हेसाने केला. तो करताना ती दोनदा थांबली. माझा पासपोर्ट मालकांच्या कार्यालयात आहे आणि कायमचं निघण्याचा शिक्का गुरुवारी व्हायचा आहे. मालकांनी मनात आणलं तर तो होणार नाही, आणि जुनं प्रकरण उघडलं तर मी किती महिने इथे बसून राहीन ते कोणी सांगू शकत नाही.

हेसा म्हणाली, "मॅडम शरीफा, गुरुवारपर्यंत थांबा. पासपोर्ट हातात आला की खलास, मग मी स्वतः देते."

मी म्हटलं, "पासपोर्ट हातात आल्यावर कोणीही खरं बोलेल."

"ते रागावतील."

"रागवायलाच हवं. त्यांना पाच वर्षं खोटं सांगितलं आहे."

तिने शेवटची ओळ पुरी केली आणि कागद माझ्याकडे न देता स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला. "तुम्ही जिना चढू नका," ती म्हणाली. "गुडघे आहेत. मी नेते."

मला इथेच मरण आलं तर इथेच दफन करावं, देह गावी नेण्याचा खटाटोप करू नये. गावी आलं तर पतीच्या शेजारी. जेवणावळ घालू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. मोकळ्या राहिलेल्या ओळींवर रेघा मारल्या आहेत. साक्षीदारांच्या समक्ष सही करत आहे.

ठिकाण: रियाध
दिनांक: रविवार, ११ नोव्हेंबर २०१८ (३ रबीउल अव्वल १४४०)

(सही) शरफुन्निसा इस्मत खतीब

साक्षीदार:

१. (सही) सौ. सरोज कमलाकर टिळेकर, मूळ राहणार नाशिक, सध्या रियाध. लिहून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत आणि नेहमीसारख्याच चिडलेल्या आहेत.

२. (अरबीत सही) हेसा, मालकांचं कार्यालय, रियाध.

पोच: कलम ९ ची प्रत, अरबी तरजुमा आणि स्थळप्रत क्रमांक ४१७ ची छायाप्रत मालकांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याने वाचली, मग बसून पुन्हा वाचली. म्हसळ्याच्या शाहिदचा फोन नंबर मागितला, तो दिला. पासपोर्टबद्दल काही बोलले नाहीत. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

(अरबीत सही) हेसा